आणखी एक जिना वर

मी एक जुनी दारावरची बेल आहे, मित्रांनो. बार्सिलोनातल्या असुम्प्ताबाईंच्या दाराची. आधीच सांगते, मला आता फारसं काही जाणवत नाही. बोट येतं, दाबतं, मी वाजते, संपलं.

पण आधी तसं नव्हतं हां! पितळेचं बटण, आत कडक स्प्रिंग. ज्याचं बोट जसं, तसा माझा आवाज. बाईंची मुलगी नेऊस एक लांब आणि दोन छोटे दाबायची. किर्रर्र, किर, किर! की बाई आतून ओरडायच्या, "आले गं, दार मोडू नकोस!" शेजारचे म्हणायचे, बेल असावी तर अशी.

मग नेऊस समुद्राकाठच्या बारमध्ये कामाला लागली. घरी यायची ती पहाटेच. एकदा बाईंचा पारा चढला, "हे घर आहे की धर्मशाळा?" नेऊसने किल्ली टेबलावर आपटली आणि गेली. त्याला चार वर्षं झाली.

आणि बघा ना, त्यानंतर खरंच आमच्या डोक्यावर धर्मशाळा आली! म्हणजे हॉस्टेल, एकेका खोलीत आठ पलंग. पत्त्यात लिहिलंय, पहिला मजला. पण बार्सिलोनात तळमजल्याच्या वरचा तो 'मुख्य' मजला, तिथे आम्ही; पहिला त्याच्याही वर. बाहेरच्या पोरांना काय माहीत? पाठीवर हे एवढं ओझं घेऊन एक जिना चढतात, धापा टाकतात आणि मलाच दाबतात.

"आठ जणांची खोली ना? सगळ्यात स्वस्त?"

"मी काय आठ जणांची खोली दिसते? वर जा, आणखी एक जिना!"

पहिल्यांदा बाई हसून सांगायच्या. मग दार न उघडता. मग स्वयंपाकघरातून, खुर्चीवरून न उठता. माझी स्प्रिंगही खचली. आता कुणी कसंही दाबा, एकच घर्रर्र. तेलाचा थेंब घालायचं कुणाला सुचलं नाही.

खालचा बारवाला मार्सेल म्हणाला, "मावशी, वायरच तोडतो. सुटाल एकदाच्या."

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "नेऊसकडे किल्ली नाहीये."

मागच्या रविवारी दुपारी एक बोट आलं. एक लांब, दोन छोटे. मित्रांनो, मी मोजलं! पण बाहेर पडलं काय? घर्रर्र.

"वर! आणखी एक जिना!"

नेऊसने पुन्हा दाबलं.

"वर म्हटलं ना! बहिरे आहात का?"

ती वळली. एक पायरी उतरली, दुसरी उतरली. मी काय करणार? कुणी दाबल्याशिवाय मला वाजता येत नाही.

तिसऱ्या पायरीवर ती थांबली. परत आली. मला हात नाही लावला, मुठीने दारावर मारलं. एक जोरात, दोन हळू.

आत भांडं पडलं.

"आले गं," बाई खुर्ची सरकवून उठल्या, "दार मोडू नकोस."

दार उघडलं. मग बाई म्हणाल्या, "भात गार होतोय," आणि आत गेल्या. दार मात्र उघडंच ठेवलं.

मला आनंद झाला का? काय माहीत. दार उघडलं तेव्हा मला कुणी दाबलंच नव्हतं ना.

पण मित्रांनो, तुमच्या दारावरच्या बेलची स्प्रिंग एकदा बघा. आणि कुणी दुसऱ्यांदा वाजवलं, तर उठा. तिसऱ्या पायरीवरून सगळेच परत येतात असं नाही.