कडेची पात

"अयोध्ये, कडेची पात तू धर," शेतमालक किशनराव बांधावरूनच म्हणाले. "नागाबाई गेली. टोळीच्या म्होरं कुणीतरी पायजे का न्हाई?"

अयोध्या टोळीतल्या बायकांमध्येच उभी राहिली. बारा बायका सोयाबीनमध्ये ओळीने उभ्या होत्या. जिच्या तिच्या वाटणीची पात, खुरपायचा पट्टा, ठरलेली. कडेची तेवढी रिकामी.

नागाबाईची लेक राजकन्या तेवढ्यात पोचली. आईचा दहावा परवाच झाला होता. दुपारच्या एसटीने तिला लातूरला, दवाखान्यात ड्युटीवर जायचं होतं. त्याआधी आईचं खुरपं अयोध्येच्या हाती द्यावं, एवढंच मनात होतं.

त्या कडेच्या पातीचं तिला दहाव्याच्या दिवशी म्हाताऱ्या कस्तुराबाईकडून कळलं होतं. एका हंगामात किशनराव नागाबाईला गुपचूप दिवसाला वीस रुपये जादा देत. ती कडेला बसून सपासप पुढे निघे, मग बाकीच्यांना मान वर करायची सोय नसे. कस्तुराबाई मागे पडली, तर तिला 'उद्यापासून येऊ नको' म्हणून घरी धाडलं. दुसऱ्या सकाळी नागाबाई तिला हाताला धरून घेऊन आली. जादाची नोट सगळ्यांदेखत बांधावर दगडाखाली ठेवली. म्हणाली, "आजपासून म्हातारीच्या म्होरं कुणी सरकायचं न्हाई."

किशनरावांनी ऐकलं नाही, तशी चार दिवस टोळी घरी बसली. रानात तण वाढत गेलं. पाचव्या दिवशी बोलावणं आलं. सगळ्यांना एकच रोज, पाचला सुट्टी, प्यायचं पाणी मालकाचं.

"तुला ठावं न्हवतं?" कस्तुराबाई म्हणाली होती. "त्येच्या आदीचे जादाचे पैसे तुझ्या नर्सिंगच्या फारमाला गेले व्हते."

"तुझं मी येगळं बघतो," किशनराव आता आवाज उतरवून अयोध्येला सांगत होते. अयोध्येची मुलगी यंदा अहमदपूरला कॉलेजात होती. अयोध्येने कडेच्या पातीकडे पाहिलं.

तिला काही सांगायचा राजकन्येला हक्क नव्हता. तिने पर्स बांधावर ठेवली, पदर खोचला आणि कडेच्या पातीत जाऊन बसली.

"अगं, तुझी गाडी?" अयोध्या म्हणाली.

"संध्याकाळची हाय की."

"पण तुला येतंय का?"

"न्हाई."

आईने तिला खुरप्याला कधी हात लावू दिला नव्हता. मुठीवर आईच्या अंगठ्याने खळगा पडला होता. राजकन्येचा अंगठा त्यात नीट बसेना. तिने पहिलंच रोप उपटून बाजूला टाकलं.

"ए शिकलेले! सोयाबीन उपटलंस की," कस्तुराबाई ओरडली. "तुझी माय आसती तर तुलाच उपटून बांधावर टाकली आसती!"

बायका हसल्या. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदाच.

"अशानं दिवाळी व्हईल खुरपायला," किशनराव वैतागले. "अयोध्ये, तू व्हय म्होरं."

अयोध्या आपल्याच पातीत बसली. "कसं व्हावं, मालक? आज म्हातारीपेक्षा हळू बाई आलीया."

किशनराव बांधावरून वळले. मग मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

तासाभराने राजकन्येच्या तळहाताला फोड आला. आपण फार मागे पडलो असणार, म्हणून तिने मान वर केली. हातभर अंतरावर अयोध्या खुरपं मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या पलीकडे कस्तुराबाई, तिच्या पलीकडे बाकीच्या, सगळ्या एका ओळीत.

पुढे कुणीच गेलं नव्हतं.