बियाण्याचं पुस्तक

जळगावात कॉलेजची पुस्तकं विकायला लागून मला वीस वर्षं झाली, पण पुस्तक आतून पाहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. गिऱ्हाईक नाव सांगतं, मी काढून देतो. त्यामुळे धरणगावकडच्या अभिमन आबांनी भौतिकशास्त्राचं पुस्तक कानाजवळ नेऊन टिचकी मारली, तेव्हा मी चक्रावलोच.

सोबत त्यांची नात दिपमाला होती. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, आणि पहिल्याच सत्रात फिजिक्समध्ये नापास. "सूत्रं सगळी पाठ आहेत काका," ती मला म्हणाली, "ती आली कुठून तेच कळत नाही. पुन्हा नापास झाले तर घरचे कॉलेज बंद करतील." तिला हवं होतं ते पुस्तक हजार पानांचं. त्यात प्रत्येक सूत्र मुळापासून समजावलंय, असं तीच सांगत होती.

पण निवड आबा करणार होते. गावात कुणाकडेही भरीत असलं की वांगी आबाच निवडतात. वांगं हातात जड लागलं की आत बियाच बिया. हलकं ते चांगलं. चाळीस वर्षांत त्यांचं एक वांगं चुकलेलं नाही. ज्याला वांगं कळतं त्याला पुस्तक कळणारच, असं घरात ठरलं होतं.

आबांनी ते जाडं पुस्तक तळहातावर तोललं आणि तोंड वाकडं केलं. "यामा बठ्ठ्या बियाच शेतस. दुसरं देखाड, भाऊ."

दाखवलं. अकरा पुस्तकं झाली. शेवटी साठ पानांचं गाइड हाती आलं तसे आबा खुलले. "हाई शे पुस्तक!" दिपमालाचे डोळे भरून आले. याच गाइडावर ती नापास झाली होती.

सांगायला लाज वाटते, पण तोवर दुकानात आबांकडून पुस्तकं तोलून घ्यायला रांग लागली होती. एक जण केमिस्ट्री घेऊन उभा, एक बाई नवऱ्याची डायरी घेऊन. एका प्राध्यापकांनी तर स्वतः लिहिलेलं पुस्तक पुढे केलं. आबांनी ते दोन बोटांवर उचललं. "वा! यामा काहीच नही." सर खूश होऊन दारापर्यंत गेले, तिथे थबकले आणि उभ्याउभ्याच आपलं पुस्तक वाचायला लागले.

मी गाइड पिशवीत घालायला घेतलं. दिपमालाने त्यावर हात ठेवला. "आबा, बी धराले तुम्ही कोनतं वांगं ठेवतस?"

"जड," आबा म्हणाले. "ते झाडवरच पिकू देतस..." आणि थांबले.

"माले भरीत नही करनं शे, आबा. माले पेरनं शे."

आबांनी जाडं पुस्तक पुन्हा उचललं, या वेळी दोन्ही हातांनी. मग खांद्यावरच्या उपरण्याची कड टरकावली आणि पुस्तकाला गाठ मारून बांधली. बियाण्याच्या वांग्याला त्यांच्या घरी अशीच चिंधी बांधतात म्हणे, कुणी चुकून तोडून खाऊ नये म्हणून.

"आते याले कोनी हात लावानं नही," त्यांनी अख्ख्या रांगेला बजावलं.

मी गाइड पुन्हा फळीवर ठेवून दिलं. दाराशी सरांनी आपलं पुस्तक मिटलं, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्या जाड्या पुस्तकाची आणखी एक प्रत आहे का?"