इल्यासच्या सुटकेची बातमी

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही मला टाइपरायटरचा एखादा थोराड भाऊ समजाल. तुमची चूक नाही. मला ओळखणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत. माझे नाव टेलेक्स. शेकडो मैलांवर कोणी माझ्यासारख्याच यंत्रावर बोटे आपटली, की तीच अक्षरे माझ्या कागदावर आपोआप उमटत. आधी माझी घंटा वाजे, मग मी खडखडू लागे, आणि हातातला चहाचा पेला तसाच टाकून माणसे माझ्याकडे धावत. असेही दिवस मी पाहिले आहेत.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. जहाजाने मी इस्तंबूलला आलो. जाआलोलूच्या चढावर तेव्हा वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एका हमालाने मला पाठीवर घेऊन तीन जिने चढवले आणि परदेशी बातम्यांच्या खोलीत खिडकीशी ठेवले. त्या खोलीच्या प्रमुख होत्या मेलाहत हानम; हानम म्हणजे बाई. पन्नाशीच्या, सडपातळ, केसांत पेन्सिल खोचलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या हातरुमालाने पुसली. त्यांच्याइतके जपून मला पुन्हा कोणी वागवले नाही.

माझ्यात एक उणीव होती. तुर्की भाषेत काही अक्षरांना खाली शेपटी असते, काहींच्या डोक्यावर दोन टिंबे असतात. कारखान्याने मला ती दिलीच नव्हती. मी नुसती बोडकी अक्षरे छापत असे. मेलाहत हानम कागद फाडून घेत आणि पेन्सिलीने भराभर शेपट्या नि टिंबे देत. त्यांना ते वाचतावाचता जमे.

कागद मग काचेच्या दारामागे संपादक फेरिदून बे, म्हणजे फेरिदूनराव, यांच्याकडे जाई. फेरिदून बे वाईट लिहीत नसत. मथळा द्यावा तर त्यांनीच, असे सगळे म्हणत. पण परदेशातली कोणतीही बातमी हातात घेतली की त्यांचा एकच प्रश्न असे.

"याचा आपल्या येत्या मतदानाशी काय संबंध?"

"काही नाही, फेरिदून बे. दुसऱ्या देशात भूकंप झालाय," मेलाहत हानम सांगत.

"मग आतल्या पानावर टाका. आणि आपलं मदतीचं विमान पोचलं का ते बघा. पोचलं असेल तर पहिल्या पानावर."

माझ्या कागदावर एकदा आले होते, की आपल्या मंत्र्यांनी परदेशातल्या एका परिषदेत वीस मिनिटे भाषण केले तेव्हा अर्धे सभागृह जेवायला गेलेले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या पत्राचा मथळा होता, 'जगाने कान देऊन ऐकले'. समोरच्या इमारतीतले पत्र विरोधी पक्षाचे. तिथेही माझाच एक भाऊबंद होता आणि त्यालाही तोच मजकूर आला होता. त्यांचा मथळा होता, 'जगात नाक कापले गेले'. खरी ओळ दोघांनीही छापली नाही. पहिली काही वर्षे मला याचे फार आश्चर्य वाटे. पुढे ते वाटेनासे झाले, आणि त्याची मला आता लाज वाटते.

आता इल्यासचे सांगतो.

इल्यास समुद्रकाठच्या आयवालिक गावाकडचा कोळी. समुद्रातल्या हद्दीवरून आमचे आणि पलीकडच्या देशाचे भांडण जुने. त्या वसंतात मासे धरताधरता त्याची होडी पलीकडे गेली आणि तिथल्या पहाऱ्यावरच्या बोटीने त्याला धरून नेले. मतदानाला तेव्हा एक आठवडा उरला होता. पलीकडच्या राजधानीत आमचा बातमीदार होता, तुर्हान नावाचा. सोमवारी त्याने मला पाठवलेला मजकूर मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. इल्यासला ताप आहे, छाती भरली आहे. दोन्ही बाजूंचे अधिकारी गुपचूप बोलले आहेत. गुरुवारी त्याला बोटीने परत पाठवतील. अट एकच, तोवर कोणी गाजावाजा करायचा नाही.

मेलाहत हानमनी तो कागद स्वतः आत नेला. काचेचे दार उघडेच राहिले होते.

"फेरिदून बे, हे छापायचं नाही. गुरुवारपर्यंत गप्प बसायचं."

"छापायचं नाही? अहो, पलीकडचे नमलेत! सरकारला शेवटच्या आठवड्यात याहून मोठं काय हवं?"

"नमलेत कुठे? माणुसकी दाखवतायत. आणि तो माणूस आजारी आहे."

"तुम्ही फ्रेंच शाळेत शिकलात ना, म्हणून तुम्हाला सगळे साहेबच सज्जन वाटतात," फेरिदून बे हसले. "मी छापलं नाही तर समोरचे छापतील."

मंगळवारी मथळा आला, 'गुडघे टेकले'. तळहाताएवढी अक्षरे होती. बुधवारी पलीकडच्या पत्रांनीही आपल्या वाचकांसाठी तसलाच मथळा केला, 'तुर्कांपुढे झुकणार नाही'. त्यांच्याकडेही पुढाऱ्यांना मते हवीच असतात. गुरुवारी बोट आली नाही. प्रत्येक सभेत इल्यासचे नाव घेऊन टाळ्या मिळू लागल्या. इल्यास कोठडीत तापाने फणफणत होता, हे मात्र तुर्हानने दोनदा पाठवले आणि दोन्ही वेळा ते कात्रीत गेले.

शुक्रवारी साडेचारला माझी घंटा वाजली. गावाकडची आवृत्ती पाचला छपाईला जात असे. मी छापू लागलो, 'इल्यास ओल्दू. सकाळी अकरा', आणि तिथेच लाइन तुटली.

मित्रांनो, तुर्कीत 'ओल्दू' म्हणजे 'झाले', आणि 'मेला' हा शब्दही जवळपास तसाच लिहितात. फरक फक्त दोन अक्षरांवरच्या टिंबांचा. टिंबे असली तर मेला, नसली तर झाले. आणि माझ्याकडे टिंबे नव्हती.

मेलाहत हानमनी केसांतली पेन्सिल काढली. ती कागदावर टेकेना. तोवर फेरिदून बे मागे येऊन उभे राहिले होते.

"इल्यासचं झालं! सोडला त्याला! बघा, दमात घेतलं की कसे ऐकतात ते!"

"थांबा. 'मेला' असंही असेल. मी विचारून घेते."

"लाइन कुठाय विचारायला?"

"येईल. अर्धा तास द्या मला."

"पाचला यंत्र सुरू होतं, मेलाहत हानम. गावोगावी अंक नेणारी अनातोलियाची गाडी तुमच्या टिंबांसाठी थांबणार नाही. काय हो, सगळ्यांत वाईट तेच बरं सुचतं तुम्हाला!"

ते कागद घेऊन गेले. पाच वाजता तळमजल्यावरून छपाईची धडधड वर आली आणि माझा कागद थरथरू लागला.

पाच वाजून दहा मिनिटांनी लाइन परत आली. मेलाहत हानमनी माझ्यावर टिंबांवाचून कळेल अशा शब्दांत विचारले, 'जिवंत आहे का'. पलीकडून तुर्हानने उत्तर दिले, 'नाही. छातीने गेला. प्रेत सोमवारी देतील. बायकोला कोण सांगणार'.

त्या धावतच आत गेल्या. "छपाई थांबवा."

फेरिदून बेंनी कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. ते खुर्चीत बसले. त्यांचाही चेहरा उतरला होता, हे खोटे सांगणार नाही. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"पहिले गठ्ठे गाड्यांवर चढलेत. रविवार होऊन जाऊ दे. सोमवारी देऊ."

"त्याच्या बायकोच्या हातात उद्या सकाळी पेपर पडेल!"

"मेलाहत हानम, मी म्हटलं ना, सोमवारी."

मेलाहत हानमनी तेव्हाच आयवालिकच्या धक्क्यावरच्या चहाच्या दुकानाचा ट्रंक कॉल लावला. कॉल जोडला गेला तो शनिवारी सकाळी नऊला. फोन माझ्या शेजारीच होता आणि दुकानदाराचा आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू आला.

"झेलिहा ना? इल्यासची बायको? अहो ताई, ती धक्क्यावर आहे उजाडल्यापासून! नवी ओढणी घातलीय. द्राक्षाच्या पानांत भात भरून आणलाय पातेलंभर, वाटतेय सगळ्यांना. बोलवू का? ए झेलिहा!"

मेलाहत हानमनी फोन ठेवून दिला. त्यांच्याकडून एवढे एकच भ्याडपण घडलेले मी पाहिले, आणि त्यांनी स्वतःला ते कधी माफ केले नाही.

रविवारी मतदान झाले. सोमवारी पाचव्या पानावर, स्नानगृहाच्या फरश्यांच्या जाहिरातीखाली चार ओळी आल्या. 'टेलेक्स यंत्रातील दोषामुळे शनिवारच्या अंकात अनवधानाने...' मित्रांनो, तो दोषी मीच. पाच वाजून दहा मिनिटांचा कागद कोणाच्या खिशात गेला, ते त्या चार ओळींत नव्हते.

तीन आठवड्यांनी झेलिहा आली. तीन जिने चढून, दम खात, माझ्या टेबलाशी उभी राहिली. तिशीचीही नसेल. मेलाहत हानमनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिने चहाला हात लावला नाही. पिशवीतून तिने शनिवारचा अंक काढला. घडीवर झिजलेला होता.

"ताई, मला सहा वर्षांची पोरगी आहे. यंदाच वाचायला शिकलीय. शेजाऱ्यांनी हे पान भिंतीला चिकटवलं होतं, ते तिने वाचलं. 'बाबा सुटला.' पुरताना तिला नेलं नाही मी. आता सांगते, बाबा गेला, तर ती हे पुढे करते. 'पेपरमध्ये छापलंय ना? मग तू खोटं का बोलतेस?' मला म्हणते, खोटारडी."

"आम्ही छापलं होतं गं, सोमवारी," मेलाहत हानम कशाबशा म्हणाल्या.

"ते मुंगीएवढं? ते नाही वाचता येत तिला. एवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. पहिल्या पानावर. 'इल्यास मेला' एवढंच. दुसरं काही मागत नाही मी."

मेलाहत हानम तिला घेऊन आत गेल्या. फेरिदून बे उठून उभे राहिले, तिला बसा म्हणाले, दुःख झाले असे म्हणाले. तिचे बोलणे पुरते ऐकून घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी तुमच्या भावासारखा आहे. पण आता ही बातमी जुनी झाली."

झेलिहाने पेपरची घडी घातली. "तो मेला ते जुनं झालं, दादा? माझ्या घरात तर अजून झालंच नाही."

ती गेली. त्याच आठवड्यात मेलाहत हानमनी राजीनामा दिला. खुलाशातला 'दोष' खरा दिसावा म्हणून मला खोलीतून काढून माझ्या जागी नवे यंत्र आणले. माझ्यात काहीही बिघाड नव्हता. फेरिदून बे पुढे खासदार झाले. मी तळघरात कागदाच्या रिळांमागे पडून राहिलो आणि माझे दट्टे एकेक करून गंजून बसले.

मित्रांनो, माझ्यावरचा गंज कोणी काढावा असे मी म्हणणार नाही. मला तेलपाणी नको. परदेशाची बातमी वाचाल तेव्हा ती घरातल्या कोणासाठी लिहिली आहे, तेवढे मात्र पाहत जा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या वर्तमानपत्र काढलेच, तर ज्या आकाराच्या अक्षरांत चूक केलीत, त्याच आकाराच्या अक्षरांत ती कबूल करा. ती मुलगी आता पन्नाशीची असेल. तिला सहाव्या वर्षी वाचता आली असती अशी एक ओळ आम्ही आजवर छापलेली नाही.