चौथ्या माणसाचं वजन

देवमननं बोटीच्या कडेनं लावलेली चिकटपट्टी ओढून काढली आणि दोन बोटं वर पुन्हा लावायला घेतली.

"चांगली लावली होती, काहून काढली?" सुंदराबाईनं विचारलं. नवऱ्याच्या हाताखाली काम करताना ती गप्प कधीच बसत नसे.

"धर तू सरय," म्हणत त्यानं पट्टीचं दुसरं टोक तिच्याकडून ताणून सरळ करून घेतलं.

नांदगाव पेठेतल्या त्याच्या शेडात एरवी फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनत. शिडाची बोट पहिल्यांदाच आली होती. ती योगेशरावांची, मोर्शीच्या धरणात चालायची. पाण्यात बुडणाऱ्या भागाला फोड आले होते. महिनाभर देवमननं ते खरवडले, सुकवले, भरले, वरून एपॉक्सीचे हात चढवले. आता पाणी कुठवर चढेल ती रेघ आखून तिच्याखाली लाल रंग द्यायचा, एवढंच उरलं होतं.

या कामात त्याचा हात धरणारा वऱ्हाडात कोणी नव्हता. अठरा वर्षं त्यानं उरणकडच्या एका यार्डात बोटींची पोटं रंगवली होती. पण भरती आली की मालक लोक बोटीत चढत आणि रंगारी पुढच्या बोटीखाली शिरत. एकदाही कोणी "बस रे" म्हटलं नाही, आणि तोंड उघडून मागणं देवमनच्या स्वभावात नव्हतं. गावात सगळे समजत, गडी समुद्र कोळून प्यायला आहे. तोही ते खोडून काढत नसे. एकदा तरी पाण्यावर जायला मिळावं म्हणून त्याचा जीव तुटायचा, ते फक्त बायकोला ठाऊक.

दुपारी योगेशराव आले, वाकून पाहू लागले.

"रेघ वर घेतली काय, देवमनभाऊ? आमी तं घरचे तिघंच बसतो."

"चौघाइचं वजन धरलं."

"चौथा कोन?"

देवमन पट्टीवर अंगठा दाबत राहिला. पट्टी केव्हाच चिकटली होती. त्याचे कान तेवढे लाल झाले.

योगेशरावांनी रेघेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आइतवारी सकाळी सातले निघू," ते म्हणाले. "पोहता येते ना तुमाले?"

"येते," देवमन म्हणाला.

सुंदराबाईनं चटकन मान वर केली. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस गुडघाभर पाण्याच्या पुढं गेलेला तिनं पाहिला नव्हता. ती काही बोलणार होती. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला, आणि खाली बसून रंगाच्या डब्याचं झाकण काढायला घेतलं.