सहा वर्षांच्या राहीचं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं आधार कार्ड आहे. माझ्या कडांचं प्लास्टिक सुटलंय, पण माझ्यावरची मुलगी, राही, अजून सहा वर्षांचीच आहे. लांज्याच्या केंद्रात फोटो काढताना तिची आई योगिनी समोर उभी होती. म्हणून फोटोतली राही आईकडे बघते आहे.

शाळेचा दाखला असो की शिष्यवृत्ती, सगळीकडे मला मान असायचा. पुढे योगिनी हैदराबादच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. राही पावसला आजोबांकडे, भिवांकडे राहिली आणि मी ट्रंकेत पडून राहिलो. मागची दोन वर्षं तर योगिनीला रजाच मिळाली नाही. "किती वाढलीस गो?" ती फोनवर विचारायची. राही उभी राहून दाखवायची, पण फोनमध्ये उंची कुठे कळते?

यंदा मे महिन्यात आईनं विमानाचं तिकीट पाठवलं. पंधरा वर्षांची राही एकटी निघाली. भिवा तिला गोव्याच्या विमानतळापर्यंत घेऊन आले.

दारावरच्या जवानानं मला हातात घेतलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"हा तर लहान मुलीचा फोटो. एकटी जातेस, ओळख पटायला हवी. शाळेचं ओळखपत्र आहे?"

ते तर घरी दप्तरात होतं. राही वळली. भिवा अजून कठड्यापाशीच उभे होते.

"आजोबा, शाळेचं कार्ड मागतायत."

भिवांनी शाळेत शिपायाची नोकरी केलेली, कुठला कागद कधी लागेल हे त्यांना ठाऊक. त्यांनी पिशवी पुढे केली. "दप्तरातले सगळे कागद आणलेत गो. बघ त्यात."

ओळखपत्र सापडलं. नाव जुळलं, जन्मतारीख जुळली, चेहराही जुळला. जवानानं तिला आत सोडलं. मला मात्र वाईट वाटलं. नऊ वर्षं जिची ओळख सांगितली, ऐन वेळी तिच्या कामी मी आलो नाही.

हैदराबादला योगिनी बाहेर वाट बघत होती. राही समोर आली, तरी ती तिच्या खांद्यावरून मागे कुणाला तरी शोधत होती.

"आये," राही म्हणाली, "अगो, मीच."

योगिनीनं तिच्या खांद्याला हात लावला. राहीचा खांदा आता तिच्या स्वतःच्या खांद्याइतका उंच झाला होता.

त्याच सुट्टीत राहीचा नवा फोटो काढला. नवं कार्ड घेऊन ती पावसला परतली. मी योगिनीच्या पर्समध्ये राहिलो. जेवणाच्या सुट्टीत ती मला काढते, बोटानं पुसते आणि परत ठेवते.

मित्रांनो, तुमचा चेहरा बदलला की कार्डही बदलून घ्या, प्रवासाआधीच. आणि लांब राहणाऱ्या आपल्या माणसाला भेटायला उशीर करू नका. मी रोज योगिनीकडे बघतो. तिला जी मुलगी हवी असते, ती आता फक्त माझ्यापाशी आहे, आणि मला ती तिच्या हाती देता येत नाही.