आठवडाभराची कळ

थोरल्याने खुर्ची पुढे ओढली, टेकला आणि शाईने माखलेले हात टेबलाखाली घेतले. समोर धाकटा फोनवर बोलत होता. त्याने 'बस, आलोच' अशी हाताने खूण केली आणि खुर्चीसकट खिडकीकडे वळला.

पक्षाच्या कचेरीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्थसंकल्प सभागृहात अडून पडला होता. एक बाजू म्हणत होती, आधी कर कमी करा, खर्चाला कात्री लावा. दुसरी म्हणत होती, गोरगरिबांच्या योजनांना हात लावाल तर मतदानच होऊ देणार नाही. या ओढाताणीत तिजोरीला टाळं लागलं होतं. धाकटा पहिल्या बाजूचा प्रतोद. आपल्या सदस्यांना एका दावणीला बांधून ठेवायचं हे त्याचं काम, आणि ते तो चोख करत होता.

"समोरचे अर्ध्यावर आलेत ना? मग पुरतेही येतील," तो हसून फोनमध्ये म्हणाला. "आपण आता हो म्हटलं तर त्यांचीच अब्रू वाचेल. आठवडाभर कळ काढा. आठवड्याने कुणाचं काही बिघडत नाही."

फोन ठेवून तो वळला, तेव्हा थोरला उठून उभा होता.

"अरे दादा, बस की. चहा सांगतो."

"नको. छापखान्यात सांगून नाही आलो."

"काही काम होतं का?"

थोरल्याचा हात दाराच्या मुठीवर होता. तो जरा घुटमळला.

"काम कसलं? इकडून चाललो होतो, म्हटलं डोकवावं. वाळलास रे. वेळेवर जेवत जा."

छापखाना तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, इकडून कुठे चालला होता हा? असं धाकट्याच्या मनात आलंही. पण तोवर दुसरा फोन वाजला होता.

आठवड्याचे दोन झाले, मग तीन. शेवटी समोरच्यांनी नमतं घेतलं. करात सूट मिळाली, योजनांचे पैसे सुटले, आणि आपणच जिंकलो असं दोन्ही बाजूंनी जाहीर केलं. कचेरीतल्या जल्लोषात धाकट्याच्या पाठीवर थापा पडत होत्या. तेवढ्यात व्यासपीठावरून कुणीतरी वाचून दाखवलं: पैशाअभावी बंद पडलेली गतिमंदांची देखभाल केंद्रं सोमवारपासून पुन्हा सुरू होतील.

धाकट्याच्या हातातला पेला तसाच राहिला. ठकी अशाच केंद्रात जायची.

ठकी म्हणजे थोरल्याची एकुलती एक मुलगी. वयाने तिशी ओलांडलेली, समजेने पहिली-दुसरीतल्या पोरीएवढी. आई गेल्यावर ती दिवसभर केंद्रात लिफाफे चिकटवायची आणि थोरला निर्धास्तपणे छापखान्यात जायचा. केंद्राच्या बसमध्ये एकटीने चढायला तिला दोन वर्षं लागली होती. आधी थोरला तिच्या शेजारी बसून जायचा, मग मागच्या बाकावर, मग बसच्या मागे सायकलवरून. ती पहिल्यांदा एकटी गेली, त्या दिवशी त्याने धाकट्याला फोन केला होता आणि नुसता रडला होता.

धाकट्याने कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"दादा, केंद्र बंद होतं?"

"हो. बरेच दिवस."

"मग बोलला का नाहीस?"

"आलो होतो की," थोरला म्हणाला. "तू कामात होतास."

सोमवारी सकाळी धाकटा ड्रायव्हरला न घेता, स्वतःच गाडी काढून भावाकडे गेला. ठकी पलंगावर पाय दुमडून बसली होती. काकाला बघून ती खुदकन हसली, पण उठली नाही. केस विंचरलेले नव्हते.

"पहिले काही दिवस दप्तर घेऊन फाटकाशी उभी राहायची," थोरला हळू आवाजात म्हणाला. "ऊन डोक्यावर आलं तरी हलायची नाही. मग एक दिवस आत आली आणि दप्तर पलंगाखाली लोटून दिलं. छापखान्यात नेऊन बघितली. मशीन सुरू झालं की कान धरून किंचाळायची. मालक तरी किती दिवस ऐकून घेईल? दुसरा माणूस ठेवला त्याने."

"मी बोलतो त्याच्याशी."

"त्या माणसालाही घरदार आहे रे."

धाकट्याने फोनकडे नेलेला हात मागे घेतला.

"चूक माझीच," थोरला म्हणाला. "त्या दिवशी स्पष्ट बोलायला हवं होतं. सख्ख्या भावाशी कसली भीड?"

बोलला असतास तर मी काय केलं असतं, हे धाकट्याला आता स्वतःलाच सांगता येईना.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. थोरल्याने ठकीच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला.

"बस खोटारडी," ती म्हणाली.

"ठके, अगं खरी आहे बस. चल, काकाबरोबर चल," म्हणत धाकट्याने तिचा हात धरला. कशीबशी ती फाटकापर्यंत आली आणि तिथे गजाला घट्ट धरून उभी राहिली. धाकटा बसमध्ये चढला. खिडकीशी बसला, शेजारची जागा थोपटली.

"बघ, मी बसलो. ये."

ठकी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. बसवाल्याने एकदा घड्याळाकडे, एकदा आरशात पाहिलं.

"साहेब, पुढची पोरं खोळंबलीत. काय करू?"

रस्त्याच्या कडेला धाकट्याची गाडी उभी होती. खिशात फोन थरथरत होता. उतरायला हवं, हे त्याला कळत होतं. पण शेजारच्या जागेवरचा हात न काढता तो बसून राहिला. बस हलली. ठकीने गजावरचा एक हात सोडला आणि नीट, शिकवल्यासारखा, त्याला टाटा केला. तिच्यामागे थोरला नुसताच उभा होता.

वळण आल्यावर मागच्या बाकावरून एक जाडजूड बाई पुढे वाकली. तिने धाकट्याच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं.

"तू नवीन आहेस?"

धाकट्याने मान डोलावली.

"घाबरू नको," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी सोडतात."