चढावरची थरथर

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे; पण पहिला, दुसरा, तिसरा असे टप्पे माझ्याकडे नाहीतच! माझ्या पोटात दोन कप्प्या आहेत आणि त्यांच्याभोवती शेकडो पोलादी पात्यांचा एक पट्टा. कप्प्या रुंद-अरुंद होतात, पट्टा वर-खाली सरकतो आणि गाडी एकही गचका न देता वेग घेते. कारखान्यात मी पहिल्यांदा फिरलो, तेव्हा तपासणाऱ्याच्या कपातल्या चहावर साधा तरंगही उठला नाही. मी हरखूनच गेलो!

मला बसवले ती गाडी एका नर्सताईंची. त्यांच्या डाव्या पायात लहानपणापासून बळ नाही. क्लच दाबणे त्यांना शक्यच नव्हते. माझ्यामुळे त्या एकट्या उजव्या पायाने गाडी चालवू लागल्या आणि घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधू लागल्या. पहिल्या दिवशी तर त्यांनी काही काम नसताना साऱ्या वस्तीला तीन चकरा मारल्या. काय दिवस होते ते!

घरात ताईंचे मामा होते, जन्मभर ट्रक चालवलेले. सुट्टीच्या दिवशी गाडी त्यांच्या हाती असे. चढावर रांगेत थांबले, की ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची, ही त्यांची जुनी शान.

"बघ, एक इंच मागे जात नाही!" ते ताईंना म्हणायचे.

जात नव्हती खरी, पण आत माझे तेल तापून उकळायचेच काय ते बाकी राही. बाहेरून मात्र मामा गाडी अशी लखलखीत ठेवत, की शेजारी तिच्यात बघून भांग पाडत. तेल बदलायचे कुणी नाव काढले, की त्यांचे उत्तर तयार असे, "विकणाऱ्यानं सांगितलंय, याला जन्मभर तेल बदलावं लागत नाही."

आठव्या वर्षी मला थरथर सुटली. टेकडीवरच्या एका आजोबांच्या पायाची जखम ताई रोज बांधत. एके दिवशी अर्ध्या चढावर माझा पट्टा घसरला. इंजिन ओरडत राहिले, गाडी जागची हलेना. उरलेला चढ ताई काठी टेकत चढल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

एका गॅरेजवाल्याने मला न उघडताच निकाल देऊन टाकला, "हा बाद झाला. गाडी भंगारात काढा." मी गेलो असतो तर ताईंचे फिरणेच संपले असते.

मग मामांनी एका मिस्त्रीबाईंना गाठले. बाईंनी माझे तेल काढून हुंगले. काळेकुट्ट आणि करपलेले! मग तळाची ताटली उघडून तिच्यातल्या लोहचुंबकावर साचलेला झिजेचा लोखंडी गाळ त्यांनी दोन बोटांत चोळला. माझा जीव टांगणीला लागला होता.

"पिठासारखा बारीक आहे, तुकडे नाहीत," त्या म्हणाल्या. "पट्टा शाबूत आहे. पण मामा, जन्मभर म्हणजे कुणाच्या जन्मभर? असं उपाशी ठेवलंत तर याचा जन्म छोटाच होणार! आणि तेल असं करपतं ते गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरल्यानं; चढावर ब्रेक लावत जा."

मामांनी कान पकडले. "चुकलंच माझं. पोरीचे पाय मीच काढून घेत होतो."

मला नवी गाळणी मिळाली. खास माझ्याच जातीचे तेल आले. ते कोमट झाल्यावर बाईंनी त्याची पातळी नीट मोजली. आणि मित्रांनो, आम्ही थेट टेकडीकडे निघालो! ताई चालवत होत्या, मामा मागे श्वास रोखून बसले होते. चढ लागला. पट्टा कप्पीला घट्ट बिलगला, तसूभरही घसरला नाही! मध्येच पुढची गाडी थांबली.

"ब्रेक, ब्रेक!" मामा ओरडले.

"दाबलाय हो, मामा!" ताई खळखळून हसल्या. रस्ता मोकळा होताच मी असा सुटलो, की बघता बघता माथा आला.

आजोबा अंगणातच बसले होते. जखम बांधून झाल्यावर ताई म्हणाल्या, "येते हं आजोबा. उद्या याच वेळेला."

उद्या! त्या एका शब्दाने माझ्या साऱ्या कष्टांचे चीज झाले.

मित्रांनो, जो निमूटपणे राबतो, त्याची मधूनमधून विचारपूस करत जा. तो थरथरू लागल्यावर सगळेच धावतात; पण तेव्हा हाती वेळ असतोच असे नाही.